जपानमधील भाड्याचे घर : नकाशातील अक्षरे आणि दारे

कृष्णाकाठ

नमस्कार. नोकरीनिमित्त तोक्योला येऊ घातलेल्या आपल्या मंडळींकडून मला वरचेवर एकच प्रश्न येतो. कंपनीने किंवा दलालाने चार घरांचे नकाशे पाठवलेले असतात. एकावर १के, दुसऱ्यावर १डीके, तिसऱ्यावर १एलडीके आणि चौथ्यावर २के असे लिहिलेले असते, आणि यांपैकी आपला वन बीएचके कोणता, एवढेच त्यांना जाणून घ्यायचे असते. प्रश्न साधा आहे. पण त्याचे एका ओळीतले उत्तर माणसाला चुकीच्या घरात नेऊन बसवते, असा माझा स्वतःचा अनुभव असल्यामुळे जरा विस्ताराने लिहितो.

घराच्या अंतर्गत मांडणीला जपानी भाषेत मादोरि म्हणतात. त्यातला अंक स्वयंपाकाची जागा सोडून उरलेल्या खोल्यांचा असतो. के म्हणजे स्वयंपाकघर, डी म्हणजे जेवणाची जागा आणि एल म्हणजे बसण्याउठण्याची जागा. १आर म्हणजे एकच खोली, जिच्यात ओटाही त्याच चार भिंतींच्या आत असतो. १के म्हणजे खोली आणि ओटा यांच्यामध्ये दार असलेले घर. आपल्याकडच्या बीएचकेशी याची तुलना करताना एक मूलभूत फरक लक्षात घ्यावा लागतो. बीएचकेमध्ये हॉल गृहीतच धरलेला असतो आणि अंक फक्त बेडरूमचा असतो. येथे एल हे अक्षर नसेल, तर हॉल नाही. म्हणून २के या घरात दोन बेडरूम आणि शिवाय हॉल अशी कल्पना करून कोणी आले, तर त्याची निराशा होणार हे ठरलेले आहे. त्या दोन खोल्यांपैकी एकीचा हॉल केला की ते आपले वन बीएचकेच होते, आणि स्वयंपाकघरही बहुधा लहान असते.

डी आणि एल ही अक्षरे मनाला येईल तशी लावता येत नाहीत. जाहिरातींसाठी या व्यवसायाने स्वतःवर घालून घेतलेले निकष आहेत. घरात एकच खोली असेल, तर साडेचार जो किंवा त्याहून मोठ्या स्वयंपाकघराला डीके आणि आठ जो किंवा त्याहून मोठ्या जागेला एलडीके म्हणता येते. दोन किंवा अधिक खोल्या असतील, तर हेच आकडे सहा आणि दहा होतात. जो म्हणजे एका तातामीची, म्हणजेच एका चटईची जागा, आणि जाहिरातीत एक जो किमान १.६२ चौरस मीटर धरावा असा नियम आहे. सहा जोंची खोली म्हणजे साधारण ९.७२ चौरस मीटर, आपल्या हिशेबाने जवळपास १०५ चौरस फूट. आठ जोंची जागा १४० चौरस फुटांच्या आसपास भरते. यावरून आणखी एक गोष्ट ध्यानात येईल: हे निकष स्वयंपाकाच्या जागेपुरतेच आहेत, त्यामुळे आठ जोंच्या एलडीकेला तीन जोंची चिंचोळी झोपण्याची खोली जोडलेली असली, तरी ते घर १एलडीकेच ठरते. अक्षरे पाहून भुलू नये, प्रत्येक खोलीत लिहिलेला जोचा आकडा वाचावा.

तातामीचा आकारही सगळीकडे एक नाही. क्योतोकडील चटई १९१ बाय ९५.५ सेंटिमीटरची, तोक्योकडील १७६ बाय ८८ची, तर युद्धोत्तर काळात बांधलेल्या दांची वसाहतींमधील साधारण १७० बाय ८५ची असते. सहा चटया मोजल्या, तर क्योतोच्या घरात जवळपास अकरा चौरस मीटर जागा मिळते आणि दांचीत पावणेनऊच्या आत. भारतातून पलंग किंवा गादी आणण्याचा विचार असेल, तर चटया मोजून भागत नाही. सेंटिमीटरमध्येच माप मागवावे.

ही अक्षरे आली कोठून, हे समजले की जुनी घरे अशी का आहेत हे कळते. युद्धानंतर शहरांमध्ये घरांची भयंकर टंचाई होती. लहानशा घरात राहणारी माणसेसुद्धा जेवण्याची आणि झोपण्याची जागा वेगळी ठेवण्याची धडपड करतात, हे निशियामा उझो या अभ्यासकाने युद्धापूर्वीच्या पाहण्यांमधून मांडले होते. पुढे १९५१ साली सार्वजनिक गृहनिर्माणासाठी तोक्यो विद्यापीठातील योशिताके यासुमी यांच्या चमूने ५१सी नावाचा आदर्श नकाशा तयार केला आणि त्यात स्वयंपाकघरच थोडे मोठे करून तेथेच जेवण्याची सोय केली. १९५५ साली स्थापन झालेल्या जपान गृहनिर्माण महामंडळाने ही कल्पना हजारो घरांमध्ये उतरवली आणि डीके हा शब्द घरोघरी पोहोचला. खाली बसून जेवणारा समाज टेबलखुर्चीवर आला, त्यात या दोन अक्षरांचा मोठा वाटा आहे. आज निशि-कासाई परिसरात आपली अनेक कुटुंबे यूआरच्या ज्या वसाहतींमध्ये राहतात, ती यूआर संस्था त्याच महामंडळाची वारस आहे. तेथे रेइकिन म्हणजे घरमालकाला द्यायची परत न मिळणारी रक्कम नाही, जामीनदार लागत नाही आणि दलालीही नाही, त्यामुळे परदेशी माणसाला तो दरवाजा त्यातल्या त्यात सोपा वाटतो.

आता माझ्या चुकीबद्दल. माझे पहिले घर २के होते. सुमारे तीस चौरस मीटर, लाकडी बांधकामाचे दुमजली आपातो म्हणजे भाड्याच्या घरांची लहान इमारत, वरचा मजला, दोन्ही खोल्या सहा-सहा जोंच्या. नकाशा पाहून मला आनंद झाला, कारण दोन समान खोल्या म्हणजे एक आमची आणि एक सांगलीहून येणाऱ्या आईवडिलांची, असा हिशेब मी मनाशी पक्का केला होता. मी एकच गोष्ट पाहिली नाही. दुसऱ्या खोलीला स्वयंपाकघराकडे उघडणारे दार नव्हते. खोल्या आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागे एक होत्या, मध्ये फक्त फुसुमा म्हणजे कागद लावलेली सरकती दारे होती, आणि संडास बाहेरच्या दाराशी होता. आतल्या खोलीत तातामी होती म्हणून आम्ही ती आईवडिलांना दिली. पंधरा दिवसांनी माझ्या पत्नीच्या लक्षात आले की आई संध्याकाळी सहानंतर पाणीच पीत नाही. रात्री उठावे लागले तर आमच्या अंथरुणावरून जावे लागेल, हा संकोच तिला होता, आणि त्याबद्दल ती एक शब्दही बोलली नव्हती. दलालाने माझ्यापासून काही लपवले नव्हते. दारे नकाशावर काढलेलीच होती. ती मला वाचता आली नाहीत.

म्हणून आता मी प्रत्येकाला सांगतो की नकाशा हाती आला की आधी बोट ठेवा. प्रत्येक खोलीतून संडासापर्यंत, न्हाणीघरापर्यंत आणि बाहेरच्या दारापर्यंत बोट फिरवत न्या आणि वाटेत कोणाची झोपण्याची खोली ओलांडावी लागते का, ते पाहा. बिजागरीवर उघडणारे दार पाव वर्तुळाने दाखवतात, सरकते दार एकमेकांवर सरकलेल्या दोन बारीक रेघांनी. दोन्ही खोल्यांना स्वयंपाकघरातून किंवा बोळातून स्वतंत्र दार असेल, तर अशा मांडणीला फुरिवाके म्हणतात आणि आईवडील किंवा मोठी मुले बरोबर असतील तर तीच हवी. तीस चौरस मीटरचे फुरिवाके घर हे पस्तीस चौरस मीटरच्या आगगाडीसारख्या घरापेक्षा राहायला मोठे वाटते, हे मी दोन्ही प्रकारच्या घरांत राहून पाहिले आहे.

मोगरा

अत्यंत उपयुक्त लेख. आईंचा प्रसंग वाचून पोटात तुटले. मी एकटीच राहते, त्यामुळे माझा अनुभव १आर आणि १के या दोन अक्षरांपुरता आहे. पण स्वयंपाक करणाऱ्या माणसासाठी या दोहोंतला फरक फार मोठा आहे, म्हणून लिहिते.

पहिले वर्ष मी १आरमध्ये काढले. भाडे थोडे कमी होते आणि मधले दार नसल्यामुळे खोली ऐसपैस वाटत होती. पहिल्याच आठवड्यात मी लसणाची फोडणी दिली आणि त्यानंतर दोन दिवस माझी उशी, पांघरूण, ऑफिसचा कोट या सगळ्यांना त्याच फोडणीचा वास येत राहिला. ओट्यावर एकच विजेची शेगडी होती, तिच्या शेजारी पोळपाट ठेवायलाही जागा नव्हती; मी पोळ्या जमिनीवर वर्तमानपत्र पसरून लाटत असे. दुसऱ्या वर्षी जवळजवळ तेवढ्याच क्षेत्रफळाचे १के घेतले. खोली लहान झाली, कारण ओटा बाहेरच्या बोळात गेला. पण मध्ये दार आले, आणि दार लावून, वरचा पंखा चालू करून मी निर्धास्तपणे फोडणी देऊ लागले.

नकाशावर शेगडीच्या जागी दोन वर्तुळे काढलेली असतील, तर दोन बर्नरची सोय आहे असे समजावे; पण शेगडी घराबरोबर मिळणार की आपण आणायची, हे विचारून घ्यावे. आणायची असेल, तर घरात शहरी गॅस आहे की सिलिंडरचा प्रोपेन, ते आधी पाहावे, कारण दोहोंच्या शेगड्या वेगळ्या असतात आणि एकीची दुसरीकडे चालत नाही. प्रोपेनचे बिलही सहसा जास्त येते. गॅस सुरू करायला कंपनीचा माणूस येतो तेव्हा आपण घरी असणे आवश्यक असते, याचीही नोंद ठेवावी. माझे पहिले दोन दिवस गरम पाण्यावाचून गेले.

गवंडी

मी येथे बांधकाम क्षेत्रात काम करतो. कृष्णाकाठ यांनी दारांचे जे सांगितले आहे ते सर्वांत महत्त्वाचे आहे, त्यात मी फक्त नकाशावरील बारीक अक्षरांची भर घालतो, कारण परदेशी भाडेकरू तेथेच अडखळतो.

घरावर १एसएलडीके किंवा २एसएलडीके असे लिहिलेले दिसले, तर त्यातील एस म्हणजे जास्तीची खोली. पण ती कायद्याच्या दृष्टीने राहण्याची खोली नसते. जपानच्या इमारत मानक कायद्याच्या मूळ नियमाप्रमाणे राहण्याच्या खोलीला तिच्या क्षेत्रफळाच्या किमान एक सप्तमांश इतकी प्रकाश देणारी खिडकी असावी लागते. खिडकी लहान असली किंवा समोर लगेच दुसरी इमारत आली, की ती खोली या मोजमापात बसत नाही आणि तिला सर्व्हिस रूम किंवा नांदो म्हणजे कोठीची खोली म्हणावे लागते. अनेक कुटुंबे तेथे अभ्यासाचे टेबल टाकतात, काही जण झोपतातही. मी एवढेच सांगेन की घर पाहायला जाल तेव्हा तेथे वातानुकूलन यंत्राच्या नळीसाठी भिंतीत गोल छिद्र आहे का आणि विजेचा स्वतंत्र सॉकेट आहे का, ते पाहा. छिद्र नसेल, तर ऑगस्टमध्ये त्या खोलीत बसवणार नाही, आणि भाड्याच्या घराची भिंत आपल्याला फोडता येत नाही.

पीएस लिहिलेला चौकोन म्हणजे उभ्या पाइपांची जागा. बिछान्याचे डोके त्या भिंतीला येऊ देऊ नये, वरच्या मजल्यावरचे पाणी रात्री ऐकू येते. एमबी म्हणजे मीटरचे कपाट. यूबी म्हणजे एकसंध साच्याची न्हाणी. ही न्हाणी १९६४च्या तोक्यो ऑलिंपिकच्या वेळी हॉटेल न्यू ओतानीच्या खोल्या वेळेत पूर्ण व्हाव्यात म्हणून तोतो कंपनीने बनवली आणि तेथून ती घराघरांत आली. टब, बेसिन आणि संडास तिन्ही एकाच खोलीत असलेली घरे स्वस्त असतात. एकट्या माणसाचे भागते, पण दोघांना सकाळी एकाच वेळी बाहेर पडायचे असेल, तर संडास वेगळा असलेलेच घर घ्यावे. ज्या चौकोनात कपडे धुण्याच्या यंत्राचे चित्रलिपीतील अक्षर असते, तेथे प्लास्टिकचे तसराळे बसवलेले असते. ते बहुधा ६४ सेंटिमीटर रुंदीचे असते आणि त्यात न मावणारे यंत्र घेऊन उपयोग नाही. जुन्या घरांमध्ये ही जागा बाल्कनीत असते, अगदी जुन्या घरांत नसतेही.

क्षेत्रफळाबद्दल आपल्याकडे कार्पेट आणि बिल्टअप यांवरून जो गोंधळ होत असे, त्याची थोडी आठवण येथेही येईल. मानशोनमध्ये, म्हणजे काँक्रीटच्या इमारतीत, जाहिरातीतील क्षेत्रफळ बहुधा भिंतीच्या मध्यरेषेपासून मोजलेले असते, त्यामुळे आतून मोजल्यास ते थोडे कमी भरते. बाल्कनी त्यात धरत नाहीत. पोटमाळाही धरत नाहीत. हा पोटमाळा, ज्याला लोफ्ट म्हणतात, त्याची उंची १.४ मीटरपेक्षा जास्त ठेवता येत नाही, म्हणून तेथे मोठ्या माणसाला उभे राहता येत नाही. तरुण मुलांना शिडी चढून झोपण्याची कल्पना आवडते. उन्हाळ्यात सगळी उष्ण हवा तेथेच साठते हे मात्र नकाशावरून कळत नाही.

आणि कागदाच्या तळाशी अगदी लहान अक्षरांत एक वाक्य जवळजवळ नेहमी असते: नकाशा आणि प्रत्यक्ष स्थिती यांत फरक आढळल्यास प्रत्यक्ष स्थिती ग्राह्य धरावी. नकाशात दाखवलेले कपाट प्रत्यक्षात नसेल, तर त्या नकाशाच्या जोरावर भांडता येत नाही. म्हणून सही करण्यापूर्वी घर डोळ्यांनी पाहावे. ते शक्य नसेल, तर दलालाला फोनवरून चलचित्र दाखवायला सांगावे आणि कॅमेरा प्रत्येक दारातून आतबाहेर न्यायला लावावा.

पहिला पाऊस

आपणा सर्वांचे मनापासून आभार. आम्ही येत्या एप्रिलमध्ये पुण्याहून येत आहोत. मी, माझे पती आणि आमची चार वर्षांची मुलगी. सासूबाईही वर्षातून एकदा तीन महिन्यांसाठी येतील. आमच्यासमोर दोन घरे आहेत. पहिले १९७८ साली बांधलेले २डीके, ४२ चौरस मीटर, दोन्ही खोल्या सहा जोंच्या आणि दोन्हींना डीकेतून दार आहे. दुसरे बारा वर्षांपूर्वीचे १एलडीके, ३८ चौरस मीटर, त्यातील एलडीके बारा जोंची आणि झोपण्याची खोली पाच जोंची. दोहोंमध्ये तीन पाखांचे सरकते दार आहे, जे पूर्ण उघडले की एकच मोठी खोली होते. भाडे जवळपास सारखे आहे. दुसरे घर चित्रात फार सुंदर दिसते. शिवाय पतींचा आग्रह आहे की दार पूर्वेला असावे, आणि नकाशात दिशा कशी ओळखावी हेच आम्हाला कळत नाही.

कृष्णाकाठ

दिशेचे उत्तर सोपे आहे. कोपऱ्यात एक लहान बाण असतो आणि तो उत्तर दाखवतो. भाड्याच्या जाहिरातीत नकाशा कागदावर बसेल तसा फिरवलेला असतो, त्यामुळे वरची बाजू उत्तर असेलच असे नाही. येथे दिशा विचारतात ती मुख्यतः बाल्कनीची. दक्षिणेकडे बाल्कनी असलेले घर सर्वांत पसंतीचे, कारण हिवाळ्यात ऊन खोलीच्या आतपर्यंत येते आणि कपडे वाळतात. बाल्कनी दक्षिणेला म्हणजे दार बहुधा उत्तरेला, त्यामुळे पूर्वेच्या दाराचा आग्रह धरला तर निवड फार कमी होते.

घरांबद्दल मात्र मला वेगळीच काळजी वाटते. भूकंपाचे नवे मानक १ जून १९८१ पासून लागू झाले. त्या दिवसानंतर ज्यांच्या बांधकामाला मंजुरी मिळाली, त्या इमारती नव्या मानकाच्या. १९७८ची इमारत आपोआप वाईट ठरत नाही, कारण अनेक जुन्या इमारतींचे नंतर मजबुतीकरण झाले आहे, पण तसे झाले आहे का, हे आपण लेखी विचारावे. उत्तर समाधानकारक नसेल, तर मी माझ्या मुलीला घेऊन तेथे राहणार नाही.

हा प्रश्न सुटला, तर आपल्यासाठी २डीकेच योग्य आहे असे माझे स्पष्ट मत आहे. तीन पाखांचे सरकते दार चित्रात देखणे असते, पण त्यातून प्रकाश आणि आवाज दोन्ही येतात. मूल साडेआठला झोपल्यावर आपल्याला एलडीकेत कुजबुजत वावरावे लागेल, आणि सासूबाई आल्या की त्यांना किंवा आपल्याला टीव्हीसमोर अंथरूण घालावे लागेल. सरकारच्या निवास धोरणात किमान जागेचे एक सूत्र दिलेले आहे: एका माणसाला २५ चौरस मीटर, आणि दोन किंवा अधिक माणसे असतील तर माणशी दहा अधिक वर दहा. मुलांची गणना त्यात कमी धरतात. सासूबाई असताना आपण त्या सीमारेषेवर असाल. अशा वेळी चार चौरस मीटर जास्त की कमी, यापेक्षा मध्ये भिंत आहे की नाही, याने फरक पडतो. करारात किती माणसे राहणार याचा उल्लेख असतो, तेव्हा सासूबाईंच्या मुक्कामाबद्दलही आधीच बोलून ठेवावे.

इंद्रायणी

दिशांचा विषय निघाला आहे, तर एक गोष्ट सांगाविशी वाटते, कारण ती समजल्यावर आमच्या घरातला या विषयावरचा वाद मिटला. आपल्याकडे ईशान्य कोपरा सर्वांत पवित्र, तेथे देवघर असावे असे मानतात. जपानमध्ये घराच्या शुभाशुभाचे जे पारंपरिक शास्त्र आहे, त्यात ईशान्य ही किमोन म्हणजे दैत्यांच्या प्रवेशाची दिशा मानली जाते आणि तेथे दार, संडास किंवा चूल ठेवणे टाळतात. क्योतोच्या ईशान्येला हिएइ डोंगरावरील एन्र्याकुजी मंदिर हे त्या नगरीचे रक्षण करते अशी श्रद्धा आहे, आणि त्याच धर्तीवर तोकुगावा घराण्याच्या राज्यकर्त्यांनी १६२५ साली एदोच्या, म्हणजे जुन्या तोक्योच्या, किल्ल्याच्या ईशान्येला, आजच्या उएनोमध्ये, कानएइजी उभारले. क्योतोच्या राजवाड्याच्या भिंतीचा ईशान्य कोपरा तर मुद्दाम आत घेतलेला आहे, म्हणजे त्या दिशेला कोपराच राहू नये. मी तो पाहिला आहे.

व्यवहारात याचा लाभ आपल्याला होऊ शकतो. जुन्या धाटणीच्या घरात ईशान्य कोपऱ्यात दार, संडास वा चूल यांपैकी काही नसण्याची शक्यता बरीच असते, आणि तो कोपरा देव ठेवायला मोकळा मिळतो. आमचे देव तेथेच आहेत.

पहिला पाऊस

दोन आठवड्यांनी लिहीत आहे. पती कामासाठी तोक्योला गेले होते, तेव्हा त्यांनी दोन्ही घरे पाहिली. २डीकेच्या इमारतीचे मजबुतीकरण झाल्याचा कागद दलालाने दाखवला. पतींनी टेपने सगळे मोजले. तातामीची खोली जाहिरातीतल्या सहा जोंपेक्षा थोडी लहानच भरली, पण तिच्यातील ओशिइरे, म्हणजे अंथरुणे ठेवण्याचे भिंतीतले कपाट, जवळपास ऐंशी सेंटिमीटर खोल आहे आणि त्याला मध्ये फळी आहे. बाल्कनीत शेजारच्या घराकडील पातळ फळीवर काहीतरी लिहिलेले होते. संकटकाळी ही फोडून पलीकडे जावे, असे ते असल्याचे दलालाने सांगितले. आम्ही हेच घर घेत आहोत.

एकच प्रश्न राहिला. ओशिइरेची खालची जागा खोलीच्या ईशान्येला येते. तेथे देवघर मांडावे असा विचार आहे. काही अडचण येईल का?

गवंडी

देव जरूर मांडावेत, पण समई किंवा निरांजन त्या कपाटाच्या आत लावू नये. वरची फळी आणि बाजूची दारे लाकूड व कागद यांचीच असतात, आणि पावसाळी जूनमध्ये त्या बंद जागेत ओल धरते, त्यामुळे दारे दिवसा उघडी ठेवावी लागतील. दिवा लावायचा असेल तेव्हा पाट बाहेर ओढून, खाली स्टीलचे ताट ठेवून लावावा. तातामीवर तेलाचा एक थेंब सांडला, तरी तो डाग निघत नाही आणि घर सोडताना त्या चटईचे पैसे आपल्या ठेवीतून कापले जाण्याची शक्यता असते. घरांमध्ये धुराची सूचना देणारे यंत्र बसवणे आता सक्तीचे आहे आणि ते झोपण्याच्या खोलीत, बहुधा छताला असते. उदबत्ती लावताना त्याच्या बरोबर खाली बसू नये आणि बाल्कनीचे दार थोडे उघडे ठेवावे. बाल्कनीतील त्या फळीसमोर मात्र तुळशीची कुंडीसुद्धा ठेवू नका. ती वाट मोकळीच असली पाहिजे. तुळस दक्षिणेच्या कठड्याजवळ छान येते.